पाच ठिपक्यांची छाट

माझी धाकटी बहीण बंगळुरात नोकरीला होती आणि आभाळातली ऊब मोजायची. कोणी विचारलं तर मी एवढंच सांगत असे. समोरचा माणूस हसला की मला बरं वाटायचं. नीट समजावून सांगता आलं असतं, पण मी सांगत नसे.

मी तिच्यावर जळत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला चांगली बाई समजणार नाही.

आम्ही दोघी निपाणीच्या. आई बिड्या वळायची, बाप तंबाखूच्या वखारीत हमाली करायचा. घरात देव्हारा नव्हता, भिंतीवर निळ्या कोटातला, चष्म्यातला एक फोटो होता. त्याच्याकडे बोट दाखवून बाप म्हणायचा, पोरींनी शिकायचं. पण दोघी शिकायला गेल्या तर आईच्या जोडीला हात कुठून येणार? मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात माझ्या मांडीवर पानं-तंबाखूचं सूप आलं. बहीण तेव्हा पहिलीत जाणार होती. तिच्या बोटांत बिडी मावत नव्हती, म्हणून ती शाळेत राहिली. ती माझ्यापेक्षा हुशार आहे असं कोणी पारखून पाहिलं नव्हतं. फक्त बोटं लहान होती. पुढे ती बेळगावला कॉलेजात गेली, मग धारवाडला, आणि तिथून बंगळूरला. मी लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे गेले. सूप तेवढं बदललं.

आमच्याकडे बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. ती शिकल्यावर 'मी आले, मी गेले' म्हणायला लागली. मी इथं लिहिताना तसंच लिहिते आहे, कारण चौथीपर्यंतच्या पुस्तकात तसं होतं. पण तिच्या तोंडून ते 'आले' ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं.

पावसाळ्यात तिची दुर्बीण बंद असायची. तामिळनाडूतल्या कुठल्याशा डोंगरावर ती होती, आणि ढग असले की तिथल्या लोकांना काम नसायचं. म्हणून आषाढ लागला की ती महामार्गावर बसमधून उतरायची, हातात पत्र्याची पेटी. पेटीत दोन-तीन साड्या आणि बाकी सगळ्या वह्या. आईवडील तोवर गेले होते, त्यामुळे ती माझ्याच घरी उतरायची. आली की दाराजवळ बसून वह्या उघडायची. आमच्या घरात उजेड दारातूनच यायचा आणि ती जागा माझी होती. बिडी वळायला फार उजेड लागत नाही, पण पान कापायला लागतो. ती आली की मी दोन हात आत सरकायची. तिनं कधी सरक म्हटलं नाही. मीच सरकायची आणि मग दिवसभर ते मनात धरून बसायची.

माझी मुलगी मात्र तिच्या अंगाला अंग लावून बसे. माझ्याजवळ ती कामापुरती बसायची.

एकदा तिनं विचारलं, "मावशी, दिसत न्हाय तो उजेड मोजता कसा?"

बहीण म्हणाली, "तुझी आई तवा तापलाय का ते कसं बघते?"

"वरनं हात धरून."

"तवा लाल दिसतो तेव्हा?"

"न्हाय. काळाच असतोय."

"झालं तर. लाल व्हायच्या आधीसुद्धा त्यातून काही तरी निघत असतं. डोळ्याला दिसत नाही, तळहाताला कळतं. आम्ही यंत्राचा तळहात केलाय."

मग तिनं सांगितलं की आपली जशी आकाशगंगा आहे तशा पुष्कळ दूर दूर आहेत. त्यांतल्या काहींच्या अगदी मधोमध चुलीसारखं काही तरी धगधगत असतं. ते कधी भडकतं, कधी मंद होतं, का ते कोणालाच धड माहीत नाही. मध्ये धूळ असते, धुरासारखी. साधा उजेड त्यात अडकतो, ऊब बऱ्यापैकी पार येते. म्हणून ती ऊब मोजायची, आज किती, उद्या किती, पुढच्या महिन्यात किती.

"पर तुमचा तो तळहातच गरम असला तर?" मुलीनं विचारलं.

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. कशी आहे बघ तुझी लेक, असं ते पाहणं होतं. मला ते आवडलं नाही. माझ्या लेकीची हुशारी मला दुसऱ्यानं दाखवायची गरज नव्हती.

"म्हणून त्याला गार करतो," ती म्हणाली. "हवा इतकी गार करतात की ती पाण्यासारखी ओतता येते. ती ओतायची." तिच्या मनगटावर एक डाग होता, भाजल्यासारखा. तो गारठ्यानं पडलेला होता. "तरी आभाळाची स्वतःची ऊब असतेच. म्हणून आधी ती जागा बघायची, मग शेजारचं रिकामं आभाळ, आणि एकातून दुसरं वजा करायचं. आणि मधून मधून एक भरवशाचा तारा बघायचा. तो कधी बदलत नाही. तो रोजच्यासारखा दिसला की समजायचं, यंत्र खरं बोलतंय."

मी पान कापता कापता म्हटलं, "म्हंजे माझ्यागत. एका जागी बसायचं आन् दुसऱ्याचं खरं-खोटं ठरवून द्यायचं."

"त्याच्याशिवाय आमचं काहीच चालत नाही, आक्का."

"व्हय की. पर वहीत नाव त्याचं नसणार."

"आहे. शेवटचा रकाना त्याचाच." तिनं वही माझ्याकडे वळवली. मी पाहिलं नाही. कात्री थांबवली असती तर तिला वाटलं असतं मला गोडी आहे.

गंमत म्हणून ती कधी माझ्या सुपातली पानं उचलून बिडी वळायला बसे. लहानपणी थोडं शिकली होती, ते सगळं विसरली होती.

"हे काय वळलंस? मक्याचं कणीस?" मी म्हणायची.

"ओढणाऱ्याला काय कळतंय?"

"ओढणाऱ्याला न्हाय कळत. चेकरला कळतंय."

चेकर म्हणजे कारखान्याच्या शाखेत आमच्या बिड्या तपासून घेणारा माणूस. लांब, आखूड, सैल, वाकडी, जी बाकीच्यांसारखी नसेल ती तो काढून टाकायचा. त्या बाद बिड्यांना आमच्याकडे छाट म्हणतात. जन्मभर मी ते शिकले होते: जुडी एकसारखी पाहिजे, वेगळी दिसेल ती काढ. चेकरच्या हाताला लागायच्या आधी आपणच काढ.

ऐंशीच्या पुढेमागे एका वर्षी माझी मुलगी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. आषाढात बहीण आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "हिला माझ्याकडं पाठव. पी.यू.सी. सायन्स बंगळुरातच करू दे. पुढचं मी बघते."

माझा नवरा वखारीतून येऊन पाय धूत होता. तो म्हणाला, "तिची आई म्हणंल ते." असल्या वेळी तो नेहमी तेच म्हणायचा.

माझ्या मनात मुलीला माझ्याजवळ बसवायचं होतं. कामाला हात हवा होता, हे खरं. पण पाठवली तर ती पोरगी परत माझी राहणार नाही, हे त्याहून खरं होतं. शाळा बहिणीच्या वाट्याला गेली, दाराजवळची जागा गेली, आता ही. मला सरळ नाही म्हणता येत नव्हतं, कारण बापाचा फोटो आता माझ्या भिंतीवर होता, तिकडून आणलेल्या त्या दुसऱ्या फोटोशेजारी.

चार दिवसांनी बहिणीला बेळगावला जायचं होतं, तिच्या जुन्या प्राध्यापकांकडे. जाताना तिनं मुलीपुढे एक वही आणि चौकटीचा मोठा कागद ठेवला.

"ह्या वर्षाचे आकडे आहेत. एकाच आकाशगंगेचे, जानेवारी ते एप्रिल. रोजचा एक ठिपका मांड. पेन्सिलनं. खाली भरवशाच्या ताऱ्याचे मांड. घाई करू नकोस. मला तुझा हात बघायचाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हिचा हात चांगला निघाला तर मी नेणार, आक्का. सांगून ठेवते."

मुलीनं दोन दिवस त्या कागदावर घातले. जेवताना तिच्या बोटांना शिसं लागलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती पाणी आणायला गेली तेव्हा मी हात पुसून कागद पाहिला.

खाली ताऱ्याचे ठिपके ओळीत बसले होते, सुतात ओवल्यासारखे. वर त्या आकाशगंगेचे ठिपके थोडे वरखाली होत चालले होते, पण एका पट्ट्यात. आणि अगदी शेवटी पाच ठिपके भलतीकडेच, पार वर, कागदाच्या काठाशी.

मुलगी आली. मी विचारलं, "हे काय?"

"वहीत हाय तसंच मांडलंय."

"ही पाच छाट हैत."

"मावशीनं लिहिल्यात, आई."

"मावशीबी माणूसच हाय. चुकली असंल. बाकीचे बघ आन् हे बघ. असली जुडी चेकरनं घेतली असती?"

ती वहीत पाहत राहिली. म्हणाली, "विचारू मावशीला आल्यावर."

"तिच्याच चुका तिला दाखवणार? मग नेती तुला."

मी खोडरबर घेतलं आणि ते पाच ठिपके स्वतः खोडले. हलक्या हातानं, कागद न फाडता. मुलगी नको म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही.

त्या घटकेला माझ्या मनात काय होतं ते मी पुष्कळदा तपासलं आहे. ते ठिपके चुकीचे आहेत असं मला खरंच वाटलं होतं. पोरीचं वाईट करायचं मनात नव्हतं. पण चूक बहिणीची आहे, एवढं शिकून ती पाच दिवस सलग चुकली आहे, याचा मला जो आनंद झाला तसा आनंद मला पुष्कळ वर्षांत झाला नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी मी शेवग्याच्या शेंगांची आमटी केली.

बहीण बेळगावहून आली. चप्पल काढली, हात धुतले आणि आधी कागद मागितला. उभ्यानंच पाहिला. मग खाली बसून पाहिला. कागद उजेडाकडे धरला.

"शेवटचे पाच कुठं आहेत?"

माझ्या हातात कात्री होती. मी पान कापत राहिले.

"ते पाच होते म्हणून तर मी तुला हेच वर्ष दिलं," ती मुलीला म्हणाली. "तीन वर्षं मी त्या आकाशगंगेची वाट बघतेय. तीन वर्षं ती मंद होती. एप्रिलात भडकली आणि मला पाच दिवस मिळाले, मग ढग आले. मला बघायचं होतं, तू ते ठिपके मांडल्यावर काय विचारतेस. कुणी खोडले?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान वर केली नाही. कात्रीचा आवाज मला अजून आठवतो, कारण मी तो मुद्दाम चालू ठेवला होता.

"मी," मुलगी म्हणाली. "मला चूक वाटली."

बहिणीनं कागद घडी करून वहीत ठेवला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "चूक वाटली तर विचारायचं. आपल्याला नको ते खोडायचं नाही. हे ज्याला जमत नाही त्याला ह्या कामात नेऊन उपयोग नाही."

म्हणजे मला हवं होतं ते झालं. पोरगी राहिली. बाकीच्या पाच दिवसांत बहीण तिच्याशी चांगलं बोलली, डोक्याला तेल लावून दिलं, पण बंगळूरचं नाव काढलं नाही. मुलगी माझ्याजवळ सूप घेऊन बसली. तिचा हात माझ्याहून बरा होता. पानाची शीर कुठे चालली आहे ते बघून ती कापायची. शाखेत चेकर म्हणाला, "काय आक्का, पोरीनं तुम्हाला मागं टाकलं की." मला त्याचाही राग आला. मी असली बाई आहे.

बहीण जायच्या आदल्या सकाळी मी पाहिलं, मुलीच्या डाव्या गुडघ्याजवळ बिड्यांचा ढीग पडला होता. मला वाटलं वळून ठेवल्यात. ती म्हणाली, "छाट हाय."

मी एक उचलली. लांबी बरोबर. दुसरी उचलली. घट्ट होती, तोंड नीट दुमडलेलं. पाच-सहा पाहिल्या. सगळ्या चांगल्या.

"ह्यात काय वाईट हाय?"

"वेगळी दिसली."

"कशी वेगळी?"

"ठाऊक न्हाय. वेगळी दिसली म्हणून काढली." आणि तिनं हातातली वळून झालेली बिडीही त्या ढिगावर टाकली. तिच्याकडे न बघता टाकली.

मी जवळजवळ तीस वर्षं बिड्या वळत होते. चेकरला भिणाऱ्या बायका पुष्कळ पाहिल्या. स्वतःच्याच डोळ्याला भिणारी मी पहिल्यांदा पाहिली, आणि ती माझी होती, आणि तसं मी केलं होतं. आता ती जवळ राहिली असती, पण अशी.

मी उठले. बहीण आतल्या खोलीत पेटी भरत होती. मी दारात उभी राहूनच सांगितलं.

"ते ठिपके मी खोडले."

तिनं वही खाली ठेवली. "का?"

"मला वाटलं तू चुकलीस."

"वाटलं की वाटावं असं वाटलं?"

"दोन्ही. लई बरं वाटलं मला."

"आणि पोरगी 'मी' म्हणाली तवा गप का बसलीस?"

"ती तुझ्याकडं जाईल म्हणून."

"शिकाय जाणार होती ती."

"तुझ्याकडं जाणार होती."

मग ती बोलायला लागली. तिचं ते 'आले-गेले' कुठल्या कुठे गेलं. "तीन वर्षं राबलो मी त्या पाच दिवसांसाठी. थंडीनं बोटं उचलायची न्हाईत. पोरीला सांगितलं तुझा हात कामाचा न्हाय. तिच्या तोंडावर सांगितलं. आन् तू पानं कापत बसलीस. माझ्यावर जळतीस तर जळ, तिच्यावर का?"

"माहीत हुतं तुला? जळतो ते?"

"दारात पाऊल टाकलं की कळतंय. तू आत सरकतीस त्यावरनं."

मला वाटलं होतं ते फक्त मलाच माहीत आहे.

"मग आता कशाला सांगाय आलीस?" तिनं विचारलं.

"ती चांगल्या बिड्या टाकाय लागलीया."

मग तिनं पेटीतून कागद काढला, घडी उलगडली, बाहेरच्या खोलीत येऊन दाराजवळ जमिनीवर पसरला आणि पेन्सिल माझ्यापुढे टाकली. "बस. तुझ्या हातानं खोडलंस ना, तुझ्याच हातानं मांड."

"मला काय येतंय त्यातलं?"

"चौथी पास हैस न्हवं?"

मी बसले. मुलगी सूप घेऊन तिथंच होती, ऐकत होती. बहिणीनं वही उघडली आणि बोट ठेवलं. आडवे दिवस, उभा उजेड. आकडा लहान असला तर ठिपका वर, मोठा असला तर खाली. मी म्हटलं, "उलटंच हाय तुमचं." ती म्हणाली, "उलटंच आहे. कुणी विचारत नाही." मी पहिला ठिपका ठेवला. खोडल्याची फिकट खूण अजून होती, ती धरली नाही, आकडा बघून ठेवला. खुणेवरच बसला. दुसरा, तिसरा. पाचवा ठेवताना तिनं काही दाखवलं नाही, मीच मोजून ठेवला.

मग ती म्हणाली, "आता खाली बघ. त्याच पाच दिवसांचा तारा बघ."

तारा जागेवर होता. पाचही दिवस, बाकीच्या दिवसांसारखाच. म्हणजे यंत्र खरं बोलत होतं, आणि वर खरंच काही तरी भडकलं होतं. पान वाकडं कापलं गेलं तर पानाला शिव्या द्यायच्या आधी मी पत्र्याचा साचा तपासते, तो वाकलाय का म्हणून. रोजचं काम ते. ह्या कागदावर साचा खालीच मांडलेला होता आणि मी तिकडे पाहिलंच नव्हतं. वहीचा शेवटचा रकाना तिनं मला दाखवला होता, तेव्हाही पाहिलं नव्हतं.

मला लाज वाटली असं लिहायला बरं दिसेल. मला वाटलं ते वेगळंच होतं. मला वाटलं, एवढंच होतं हे? हे मला जमतं. पाच ठिपके मांडले तेवढ्यात कळलं की हे मला जमलं असतं, तेव्हाही. तोवर मी तिच्या सुखावर जळत होते. त्या दिवसापासून नेमकं कशावर जळायचं ते कळलं.

बहीण मुलीला म्हणाली, "कपडे भर. उद्या सकाळची गाडी आहे."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. ह्या खेपेला मी मान वर केली होती. "जा," मी म्हटलं. "आन् तो ढीग जुडीत घाल आधी. चांगल्या हैत त्या बिड्या."

तिनं प्रत्येक बिडी उचलून, फिरवून पाहिली आणि मग जुडीत घातली. एक बाजूला ठेवली. ती मी पाहिली, खरंच सैल होती.

ती गेली. शिकली, आणि पुढे मावशीच्याच कामात गेली. दुसऱ्या वर्षी तिनं पत्रात लिहिलं की ती आकाशगंगा पुन्हा पहिल्यासारखी मंद झाली आहे, परत कधी भडकेल सांगता येत नाही. पुढच्या आषाढात बहीण आली तेव्हा तिनं माझ्यासाठी एक कोरा चौकटीचा कागद आणला. दाराजवळच्या जागेवर मी बसले आणि ती आत सरकली. त्यानंतर दर वर्षी, पानं ओल्या पोत्यात मुरत असताना, मी तिचे ठिपके मांडून देत असे. तिनं कधी शाबास म्हटलं नाही, मी वाट पाहिली नाही. चूक वाटली तर मी विचारायची. तीन वेळा विचारलं, त्यातल्या एका वेळी खरंच तिची चूक होती. मला अजून तो दिवस आठवतो.

मुलीची पत्रं महिन्याला येत. ख्यालीखुशाली असायची, बाकी सगळं मावशीचं. मावशी म्हणाली, मावशीनं दाखवलं, मावशीबरोबर डोंगरावर गेले. गेले, असंच लिहायची आता. पत्र वाचून झालं की मी पुन्हा पहिल्यापासून वाचायची आणि 'मावशी' किती वेळा आलं आणि 'आई' किती वेळा, ते मोजायची. एकदा अकरा आणि दोन होतं. त्या दोनातली एक आई अगदी वर होती, पत्र सुरू करायला लागते ती. तीही मी मोजणीत धरली.